समुद्रकिनाऱ्यावर चहा, दुपारी ज्वालामुखीच्या तोंडात: टेनेरिफे बेटावर जगभरातले सायकलवाले का जातात?

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफे बेटावरचं लोस रोदेओस विमानतळ. धावपट्टीवर दाट धुकं, समोरचं काही दिसत नाही. केएलएम कंपनीच्या बोइंग ७४७ ने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली. त्याच धावपट्टीवर समोर पॅन ॲमचं ७४७ होतं. ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात आजही हा सगळ्यात मोठा अपघात मानला जातो.

टेनेरिफेचं नाव आपल्याकडे कुणी ऐकलं असेल तर बहुतेक याच अपघातामुळे. पण सायकलवेड्या माणसासमोर हे नाव घ्या, त्याचे डोळे चमकतील. टूर द फ्रान्स जिंकणारे लोक इथे येऊन आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांच्या मागोमाग हौशी मंडळी येतात, सायकलला पिशव्या बांधतात आणि समुद्रसपाटीपासून थेट ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत पेडल मारत जातात.

आता गंमत बघा. त्या विमानांना जे धुकं नडलं, तेच धुकं आजही या सायकलवाल्यांच्या वाटेत येतं. ते धुकं म्हणजे खरं तर ढग. आणि तो ढग तिथे का असतो हे समजलं, की हे बेट कसं आहे आणि इथे सायकल चालवणं एवढं अवघड का आहे, हे अर्धं समजलं.

बेट कसलं, समुद्रातून वर आलेला डोंगरच

टेनेरिफे हे कॅनरी बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. मालकी स्पेनची, पण स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा आफ्रिकेचा किनारा कितीतरी जवळ, साधारण ३०० किलोमीटरवर. अक्षांश बघितला तर आपल्या दिल्लीच्या रेषेत. क्षेत्रफळ २,०३४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याचा छोटासा भाग.

आणि या एवढ्याशा जागेच्या मधोमध उभा आहे तेईदे. उंची ३,७१५ मीटर. अख्ख्या स्पेनमधलं सर्वोच्च शिखर हेच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. समुद्राच्या तळापासून मोजायला गेलं तर हा ज्वालामुखी साधारण साडेसात हजार मीटर भरतो.

आता साधा हिशेब लावा. बेट लांबीला ८० किलोमीटरच्या आसपास, रुंदीला जास्तीत जास्त ४५. एवढ्यात पावणेचार किलोमीटर उंचीचा डोंगर बसवायचा म्हटल्यावर सपाट जागा उरणार कुठे? उत्तर सोपं आहे, ती उरतच नाही. किनाऱ्यावरून निघून बेटाच्या आत वळलात की चढ सुरू.

ठीक आहे, मग आत वळायचंच नाही, समुद्राला धरून किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला चक्कर मारायची, असं तुम्ही म्हणाल. पहिल्यांदा येणारे बरेच जण हेच ठरवून येतात आणि फसतात.

याचं कारण समजायला बेटाचा जन्म बघावा लागतो. टेनेरिफे एका झटक्यात तयार झालेलं नाही. आधी तीन वेगवेगळे जुने ज्वालामुखी होते. ईशान्येला आनागा, वायव्येला तेनो आणि दक्षिणेला आदेखे. यातले सगळ्यात जुने खडक सव्वा कोटी वर्षांच्या आसपासचे. नंतर मधोमध नवा, मोठा ज्वालामुखी वाढला आणि त्याने या तिघांना जोडून एक बेट केलं. जुन्या भागांना पाऊस, वारा आणि लाटांनी लाखो वर्षं कोरलं. त्यातून खोल घळी तयार झाल्या. स्थानिक लोक त्यांना बारांको म्हणतात. डोंगरावरून समुद्रापर्यंत चाकूने काप दिल्यासारख्या या घळी बेटाच्या चारी बाजूंना आहेत.

म्हणजे किनाऱ्याने जाणारा रस्ता आडवा जातो आणि घळी उभ्या. प्रत्येक घळीशी रस्ता आत वळतो, खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. नकाशावर दोन गावं १० किलोमीटरवर दिसतात, पण पाय सांगतात की हे १० किलोमीटर नव्हते. दक्षिणेकडचा जुना रस्ता, टीएफ-२८, हा याचा नमुना. महामार्गावर सायकलला बंदी असल्यामुळे दक्षिण बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याच्या वाट्याला हाच येतो. महामार्ग झाल्यापासून गाड्या तिकडे गेल्या, त्यामुळे हा रस्ता बराच निवांत आहे. वळणं मोजायला गेलात तर मात्र दिवस जाईल.

तसं बघितलं तर मराठी माणसाला हे दगड अनोळखी नाहीत. सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टेनेरिफेमध्ये शेवटचा उद्रेक झाला १९०९ साली, चिन्येरो नावाच्या ठिकाणी. म्हणजे तिथला काही दगड एखाद्या पणजोबांपेक्षाही लहान आहे.

बोरघाट किती वेळा चढायचा?

टेनेरिफेवरची सगळ्यात गाजलेली चढाई म्हणजे किनाऱ्यावरून लास कान्यादास. हे एक अवाढव्य खोलगट मैदान आहे, व्यास साधारण १६ किलोमीटर. जुन्या ज्वालामुखीचा माथा खचून ते तयार झालं आणि त्यातच नंतर तेईदेचा सुळका वाढला. मैदानाची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. इथपर्यंत पक्का डांबरी रस्ता जातो.

दक्षिणेकडून यायचं तर एल मेदानोच्या किनाऱ्यावरून निघायचं, ग्रानादियामार्गे विलाफ्लोर गाठायचं आणि तिथून वर. विलाफ्लोर हे गाव १,४०० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर. तिथे पोचल्यावर वाटतं झालं, संपलं. पण तिथून पाइनच्या जंगलात रस्ता शिरतो, कळसूबाईची उंची मागे पडते आणि तरी चढ चालूच राहतो. एकूण साधारण ४० किलोमीटरमध्ये २,१०० मीटर चढाई. मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्याला समजेल अशा भाषेत सांगायचं तर एकावर एक ठेवलेले तीन-साडेतीन बोरघाट. मध्ये दम खायला लोणावळ्याचं पठार नाही.

सरासरी चढ निघतो पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ५ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. अवघड आहे ते त्याचं न थांबणं.

थोडं गणित करून बघू. समजा सायकलवाला ७० किलोचा, सायकल १० किलोची. तो सातत्याने १५० वॉट ताकद लावतोय. नियमित सायकल चालवणाऱ्या माणसाला हे तासनतास जमू शकतं. गुरुत्वाकर्षण, टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध धरला तर त्याला वर पोचायला साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. आता त्याच सायकलवर तंबू, कपडे, हत्यारं आणि खाणं असं १५ किलो सामान चढवा. वेळ ३५ ते ४० मिनिटांनी वाढतो आणि शरीर दोन हजारांहून जास्त कॅलरी जाळतं. काही जण टूथब्रशची दांडी अर्धी कापतात ते उगाच नाही.

दुसरा प्रश्न गिअरचा. चढ १० टक्क्यांवर गेला की हाच सामानवाला सायकलस्वार १५० वॉटमध्ये ताशी साडेपाच किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. हा चालण्याचा वेग झाला. एवढ्या हळू वेगात पेडल फिरत ठेवायचं तर पुढची चकती मागच्या चकतीपेक्षा लहान लागते. शर्यतीच्या सायकलला असे गिअर सहसा नसतात. मग माणूस उभा राहून पेडल ढकलत बसतो आणि दोन दिवसांत गुडघे बोलायला लागतात. महागडी सायकल नसली तरी चालेल, हलका गिअर हवाच.

खाण्याचं काय? इथल्या लोकांकडे त्याचं जुनं उत्तर आहे, गोफियो. भाजलेल्या धान्याचं पीठ. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राहणाऱ्या ग्वांचे लोकांचं हे मुख्य अन्न. सरळ सांगायचं तर आपलं सातूचं पीठ. दुधात, मधात किंवा पाण्यात कालवा आणि निघा. विलाफ्लोर सोडल्यावर वर खाण्यापिण्याच्या जागा अगदी मोजक्या, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या गावातच भरून घ्याव्या लागतात.

ढगाच्या खाली, ढगात आणि ढगाच्या वर

आता त्या धुक्याकडे येऊ.

टेनेरिफेवर वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. शाळेच्या भूगोलात आपण वाचले होते तेच. समुद्रावरून येणारा हा वारा थंड आणि ओला असतो. तो बेटाच्या उत्तर उतारावर आदळतो, वर चढतो, गार होतो आणि ढग तयार होतात. साधारणपणे ढग असेच वर वर जायला हवेत. पण इथे त्यांच्या डोक्यावर कोरड्या आणि उबदार हवेचा थर बसलेला असतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. ढग झाकणाखाली अडकतात आणि आडवे पसरतात. बऱ्याचदा हा पट्टा ८०० ते १,५०० मीटरच्या दरम्यान असतो. वरून बघितलं तर पांढऱ्याशुभ्र समुद्रासारखा दिसतो, म्हणूनच स्थानिक लोक त्याला ढगांचा समुद्र म्हणतात.

लोस रोदेओस विमानतळ आहे सहाशे मीटरहून थोड्या जास्त उंचीवर, ला लागुना शहराजवळ. डोंगराच्या दोन भागांमधल्या खिंडीत. ढग या खिंडीतून वाहत जातात. त्या दिवशीही तेच झालं. अपघातग्रस्त विमानं तर तिथे उतरायचीही नव्हती, शेजारच्या ग्रान कॅनरिया बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे ती इकडे वळवली होती. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, दक्षिणेच्या कोरड्या भागात नवं विमानतळ सुरू झालं. आज बहुतेक पर्यटक तिथेच उतरतात.

दक्षिण कोरडी का, याचं उत्तर आपल्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. कोकणात धो धो आणि घाट ओलांडला की माणदेश कोरडा, तोच प्रकार. पर्जन्यछाया. फरक एवढाच की इथे कोकण आणि माणदेश एका दिवसाच्या सायकल प्रवासात येतात.

म्हणून उत्तरेकडून वर जाणारा सायकलवाला एका दिवसात चार ऋतू बघतो. खाली केळीच्या बागा आणि ऊन. मग द्राक्षं, बटाट्याची शेतं. मग ढग सुरू होतो, चष्म्यावर पाणी, कपडे ओले, समोरची गाडी दिसत नाही. ढगातलं हेच पाणी कॅनरी पाइनची लांब पानं गोळा करतात आणि ते जमिनीवर ठिबकत राहतं. आणि मग अचानक, एखाद्या वळणावर, ढग खाली राहतो. निळं आभाळ, कोरडी हवा आणि समोर तेईदे. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९९ साली दक्षिण अमेरिकेला जाताना इथे थांबला आणि तेईदे चढला. उंचीप्रमाणे झाडझाडोरा कसा पट्ट्यापट्ट्याने बदलतो, हे त्याने इथे पाहिलं. चार्ल्स डार्विनला हेच बघायचं होतं. १८३२ मध्ये त्याचं जहाज टेनेरिफेसमोर आलंही, पण कॉलऱ्याच्या भीतीने उतरू दिलं नाही. बिचाऱ्याला लांबूनच तेईदे बघून पुढे जावं लागलं.

ला लागुनाहून डोंगराच्या कण्यावरून वर जाणारा टीएफ-२४ हा रस्ता यासाठी खास. एका बाजूला उत्तरेचा समुद्र, दुसरीकडे दक्षिणेचा. मध्येच रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीत काळे, पांढरे, लालसर थर दिसतात. स्थानिकांनी त्याला नाव दिलंय ‘ला तार्ता’, म्हणजे केक. प्रत्येक थर ज्वालामुखीतून पडलेल्या राखेचा आणि दगडांचा. पुढे इझान्याची वेधशाळा लागते. हवा ढगाच्या वरची, म्हणून एवढी स्वच्छ, की १९१६ पासून तिथे वातावरणाच्या नोंदी घेतल्या जातात.

जीव जातो तो चढताना नाही

चढताना फार तर दमायला होतं. धोका असतो उतरताना, आणि हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं.

चढताना माणूस घामाने भिजलेला असतो. वर पोचतो, फोटो काढतो आणि उतरायला लागतो. आता पेडल मारायची गरज नाही, म्हणजे शरीर उष्णता तयार करत नाही. वेग ताशी ४०-५०, म्हणजे समोरून तेवढाच वारा. हिवाळ्यात वर तापमान शून्याजवळ असू शकतं, तेईदेवर बर्फ पडतो आणि कधीकधी रस्तेही बंद होतात. त्यात खाली ढगाचा पट्टा, म्हणजे ओला होण्याची दुसरी फेरी. दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही. किनाऱ्यावर लोक पोहत असतात आणि त्याच वेळी दोन हजार मीटरवर कुणीतरी थरथरत बसलेला असतो. म्हणून अनुभवी मंडळी भर उन्हातही जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे बरोबर घेतात.

दुसरी गोष्ट ब्रेकची. सामानासह ९५ किलो वजन २,१०० मीटर खाली येतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती पाच-सहा लिटर पाणी उकळवायला पुरेल. काही भाग हवा घेते, बाकीचा ब्रेकच्या वाट्याला येतो. हळू उतरावं म्हणून सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटण्याची भीती. योग्य पद्धत म्हणजे वळणाआधी जोरात दाबायचा, मग सोडायचा. गारठलेल्या हातांनी हे करून बघा म्हणजे आधीचा मुद्दा कळेल.

तिसरा पाहुणा येतो सहारातून. त्याला कालिमा म्हणतात. आफ्रिकेच्या वाळवंटातून गरम वारा धूळ घेऊन येतो, आभाळ पिवळट होतं आणि पुढचं दिसेनासं होतं. उन्हाळ्यात कालिमा आला की एरवीचा नियम उलटतो, वर जावं तसं गार होण्याऐवजी गरम होत जातं. अशा दिवशी सायकल खोलीतच बरी.

टूर द फ्रान्सवाले इथे काय करतात?

लास कान्यादासच्या मैदानात, २,१५० मीटरवर, एक सरकारी हॉटेल आहे. पॅरादोर. आजूबाजूला गाव नाही, बाजार नाही, रात्री करायला काही नाही. जगातले सगळ्यात महागडे सायकलपटू इथे तीन-तीन आठवडे राहतात. ब्रॅडली विगिन्स २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला, त्याआधी त्याच्या टीम स्कायने इथेच घाम गाळला होता. क्रिस फ्रूम, आल्बेर्तो कोन्तादोर, विन्चेन्झो निबाली हे सगळे इथलेच पाहुणे.

कारण हवेत आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७८ टक्के. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के असतं, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. मूत्रपिंडाला हे कळतं. ते एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ईपीओ हाडांतल्या मगजाला सांगतं, लाल पेशी वाढवा. लाल पेशी वाढल्या की रक्त जास्त ऑक्सिजन वाहून नेतं. खाली शर्यतीत उतरलं की त्याचा फायदा.

हेच ईपीओ काही जणांनी सुईतून घेतलं. लान्स आर्मस्ट्राँगने जानेवारी २०१३ मध्ये जे कबूल केलं, त्यात ईपीओ होतंच. डोंगरावर राहून शरीराकडून तयार करून घेतलं तर कायदेशीर, बाटलीतून घेतलं तर बंदी. त्यामुळे असल्या निर्जन हॉटेलांकडे संशयानेही बघितलं गेलं. २०१४ मध्ये खुद्द फ्रूमने जाहीर तक्रार केली होती की टूर जिंकू शकणारे आम्ही तिघे तेईदेवर राहतोय आणि दोन आठवड्यांत उत्तेजक चाचणी घ्यायला कुणी आलेलं नाही. खेळाडूच चाचणी मागतोय, हे दृश्य सायकलिंगमध्येच दिसू शकतं.

दुसरा फायदा रस्त्यांचा. वर राहायचं, हवं तर खाली उतरून जाड हवेत जोरात सराव करायचा आणि परत घरी यायला आपोआप दोन हजार मीटरची चढाई. एकाच बेटावर हे सगळं, तेही जानेवारीत, जेव्हा युरोपात रस्त्यांवर बर्फ असतो.

मग आठवड्याभरासाठी येणाऱ्या हौशी माणसाला याचा फायदा होतो का? तर नाही. लाल पेशी लक्षात येण्याइतक्या वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत मिळते ती फक्त धाप. इन्स्टाग्रामवर ‘आल्टिट्यूड ट्रेनिंग’ लिहून चार दिवसांत परतणाऱ्यांनी विमानतिकिटाचे पैसे डोंगर बघायला घातले असं समजावं. तेही वाईट नाही म्हणा.

मास्का, गाराचिको आणि समुद्र

ज्यांना आकडे नको, फक्त समुद्र बघत फिरायचंय, त्यांच्यासाठी बेटाचं वायव्य टोक. तेनोचा जुना डोंगर. इथे लोस हिगांतेसचे कडे सरळ समुद्रात उतरतात, काही ठिकाणी ५०० मीटरहून उंच. मास्का हे छोटं गाव एका घळीच्या तोंडावर लटकलेलं. गाडीरस्ता व्हायच्या आधी इथे पायवाटेने आणि खेचरांवरूनच ये-जा होती. आता सान्तियागो देल तेईदेहून खिंड ओलांडून रस्ता खाली येतो, एकामागून एक हेअरपिन वळणं, चढ जागोजागी १० टक्क्यांच्या पुढे. वळणावरून खाली निळा समुद्र आणि पलीकडे ला गोमेरा बेट दिसतं. डाव्या हाताला दरी आणि समोरून भाड्याच्या गाडीत बसलेला, असा रस्ता आयुष्यात पहिल्यांदा बघणारा पर्यटक. सायकलवाले सकाळी लवकर जातात ते फोटोच्या उजेडासाठी कमी, या गाड्यांसाठी जास्त.

तिथून उत्तरेला उतरलं की गाराचिको. एके काळी हे टेनेरिफेचं मुख्य बंदर होतं. १७०६ साली ज्वालामुखीचा लाव्हा डोंगरावरून गावात घुसला आणि बंदर बुजवून टाकलं. व्यापार दुसरीकडे गेला. त्या लाव्ह्याच्या खाचांमध्ये आता समुद्राचं पाणी साठतं आणि लोक तिथे पोहतात. सायकलवरून आलेले बूट काढून पाय बुडवतात.

बेटावरच्या लोकांचं काय म्हणणं आहे?

इथपर्यंत सगळं पर्यटनाच्या जाहिरातीसारखं वाटलं असेल. दुसरी बाजूही आहे.

कॅनरी बेटांची लोकसंख्या साधारण २२ लाख. २०२४ मध्ये तिथे आलेले पर्यटक पावणेदोन कोटींच्या आसपास. घरं पर्यटकांना भाड्याने दिली जातात, मग हॉटेलात काम करणाऱ्याला स्वतःच्या गावात परवडणारं घर मिळत नाही. २० एप्रिल २०२४ ला हजारो लोक सगळ्या मोठ्या बेटांवर रस्त्यावर उतरले. घोषणा होती, कॅनरी बेटांना मर्यादा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये टेनेरिफेच्या प्रशासनाने पाण्याची आणीबाणी जाहीर केली होती. गोल्फची मैदानं हिरवी आणि शेतकऱ्याचं पाणी कमी, हा राग त्यामागे होता.

सायकलवाला या सगळ्यात कुठे बसतो? तो गाडी घेत नाही, पेट्रोल जाळत नाही, गावातल्या छोट्या बारमध्ये खातो. ही जमेची बाजू. पण तोही विमानानेच येतो आणि त्यालाही अंघोळीला पाणी लागतं. शिवाय अरुंद घाटरस्त्यावर ताशी आठ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलमागे कामावर निघालेला माणूस अडकतो. स्पेनचा कायदा सायकलस्वाराच्या बाजूने आहे. ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं लागतं आणि दोघांनी शेजारी शेजारी चालवायलाही परवानगी आहे. पण मास्काच्या रस्त्यावर दीड मीटर सोडायला रस्ताच तेवढा रुंद नाही. मग ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, सायकलवाला हात हलवतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तिथे कायद्यापेक्षा जास्त चालतं ते साधं शहाणपण: मागे तीन गाड्या जमल्या की वळणावरच्या मोकळ्या जागेत थांबायचं, जाऊ द्यायचं.

आग हा दुसरा विषय. ऑगस्ट २०२३ मध्ये टेनेरिफेच्या जंगलात लागलेल्या आगीत जवळपास १५ हजार हेक्टर क्षेत्र जळालं, १२ हजारांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. तेईदेकडे जाणारे रस्ते बंद झाले. सायकलवाल्यांचा लाडका टीएफ-२४ याच भागातून जातो. तिथल्या पाइन झाडांची खोडं आजही काळी दिसतात, पण त्यांच्यावर हिरवी पालवी आहे. कॅनरी पाइनची साल जाड असते आणि जळालेल्या खोडातूनच त्याला नवे धुमारे फुटतात. सगळी झाडं अशी नसतात. म्हणूनच राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायला मनाई आहे आणि चूल-शेगडीच्या बाबतीत वनखातं कुणाचं ऐकत नाही.

जायचंच असेल तर

कॅनरी बेटं शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. भारतातून थेट विमान नाही, माद्रिदहून पुढे तीन तास. सायकल पेटीत बांधून न्यावी लागते किंवा तिथे भाड्याने मिळते. दक्षिण किनाऱ्यावर सायकल भाड्याने देणारी दुकानं बरीच आहेत. शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं. वेळ म्हणाल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. हिवाळ्यात किनारा छान असतो, वर मात्र बर्फाचा भरवसा नाही.

पहिल्याच दिवशी तेईदे गाठायची हौस करू नये. आधी दोन दिवस दक्षिणेच्या जुन्या रस्त्यावर घळींचा अंदाज घ्यावा, मग विलाफ्लोरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे वर निघावं. चढाईचे दोन तुकडे होतात आणि पर्यटकांच्या बस यायच्या आत मैदान गाठता येतं. पाय शिल्लक राहिले तर लोस क्रिस्तियानोसच्या बंदरातून ला गोमेराची बोट मिळते, तासाभराचा प्रवास. ला गोमेराचं सर्वोच्च टोक दीड हजार मीटरच्या आत आहे, म्हणजे तेईदेच्या निम्म्याहूनही कमी. बोटीत बसताना हे ऐकून हायसं वाटतं. उतरल्यावर बंदराच्या मागे जो रस्ता दिसतो तो बघेपर्यंत.